यूपीआय वापरताना पिनइतकाच नंबरही जपा

दादरच्या आमच्या मोबाइल दुरुस्ती दुकानाकडून ग्राहकांसाठी

पिन कोणाला सांगायचा नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण फूलबाजारात चाळीस रुपयांची वेणी घेऊन कोड स्कॅन केलात, की पैशांबरोबर तुमचं बँकेतलं नावही समोरच्याला कळतं. यूपीआय आयडीत तुमचा मोबाइल नंबरच असेल, तर बऱ्याचदा तोही. मग अनोळखी माणसाचे मेसेज सुरू होतात. मुलींना याचा त्रास जास्त होतो, आणि तो गप्प बसून सोसायचं काहीच कारण नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करता येतो. तोच मुख्य ठेवा. जमत नसेल तर दुकानात या, शेजारी बसून दाखवू. त्याचे पैसे घेत नाही.

पैसे पाठवताना खाली मजकूर लिहायची जागा असते. तिथे आजाराचं, उधारीचं काही लिहू नका. ते समोरच्याला दिसतंच, शिवाय अनेकदा बँकेच्या स्टेटमेंटवरही येतं, आणि तेच स्टेटमेंट उद्या कर्जासाठी तुम्ही कोणाच्या तरी हातात देता.

सिमची पडताळणी करायला अ‍ॅपला एसएमएसची परवानगी लागते. कॉन्टॅक्टची मात्र बंद ठेवून बघा; नंबर हाताने टाकूनही पैसे जातात.

आता आमच्या कामाचं. फोन दुरुस्तीला देताना सिम काढून घ्या. बॅटरी किंवा स्क्रीन बदलायला लॉक उघडावं लागत नाही. टच नीट चालतो का, ते इमर्जन्सी कॉलच्या कीपॅडवरही बघता येतं. कॅमेरा तपासायचा असेल तर तुम्हीच लॉक उघडा आणि समोर उभे राहा. पॅटर्न चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवायची सवय या धंद्यात आहे. आमच्याकडे ती चालत नाही. कोणी पॅटर्न मागितलाच तर मालकांना सांगा.

जुना फोन विकताय? नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने यूपीआय आयडी बंद होत नाही. आधी अ‍ॅपमधून बँक खातं काढा, मग फोन रिसेट करा.

फोन चोरीला गेला तर लगेच सिम ब्लॉक करा आणि बँकेला कळवून यूपीआय बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आमच्याकडे त्यानंतर आलात तरी चालेल.