अनधिकृत फोर्कचे बग रिपोर्ट

मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड उचलून, त्यात आपले बदल करून तिसऱ्याच कोणी वेगळी चालवलेली आवृत्ती म्हणजे अनधिकृत फोर्क. परवान्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पंचाईत होते ती बग सापडल्यावर. फोर्कवाल्याने नाव, आयकॉन आणि 'अडचण कळवा' ही लिंक जशीच्या तशी ठेवली असेल, तर तक्रार मूळ प्रकल्पाच्याच दारात येते. आपण फोर्क वापरतोय हे वापरकर्त्याला बहुधा ठाऊकही नसते.

म्हणून मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, आधी विचारतो : आवृत्ती कोणती आणि डाउनलोड कुठून केली? पुष्कळदा उत्तराची वाट पाहावी लागत नाही. क्रॅश लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम कोलमडल्याच्या नोंदीत, मूळ कोडात नसलेल्या फंक्शनचे नाव दिसले, की उलगडा होतो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, अशा चौकशीची सोय आतच आहे. बाहेरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा कोडाचा तुकडा) लोड झाले, की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (दूषित) असा शिक्का मारतो आणि कोलमडताना छापलेल्या संदेशात तो दिसतो : मालकी हक्काचे, मुक्त परवाना नसलेले मॉड्यूल असेल तर 'पी', कर्नलच्या मूळ कोडाबाहेरचे असेल तर 'ओ'.

खरी कसोटी मात्र एकच : तोच बग मूळ आवृत्तीवर घडवून दाखवणे. घडला तर तो मूळ प्रकल्पाचा, मग कळवणारा कोणीही असो. फोर्कचे नाव वाचताच रिपोर्ट बंद करणे हा आळस आहे, कारण बहुतेक कोड दोन्हीकडे सारखाच असतो. उलट बाजूही आहे. डेबियन या लिनक्स वितरणाने २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या आपल्या पॅकेजातून काही ओळी काढल्या. परिणामी एका प्रकारच्या, एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार गुप्त किल्ल्या तयार होऊ शकत, म्हणजे एकेक तपासून ओळखता येतील इतक्या कमी. २००८ मध्ये हे उघड झाले. हा फोर्क नव्हे, साधा पॅच, म्हणजे कोडातला छोटा बदल. पण मूळ ओपनएसएसएलमध्ये शोधून हा दोष कधीच सापडला नसता.

नावावरून भांडणेही होतात. २०२५ च्या सुरुवातीला ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या प्रकल्पाने फेडोरा या लिनक्स वितरणाला त्यांनी बनवलेल्या ओबीएसच्या सदोष फ्लॅटपॅकवरून (लिनक्सवरचा पॅकेजचा एक प्रकार) कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्या पॅकेजच्या तक्रारी ओबीएसकडे येत होत्या. कोडाचा परवाना मिळाला म्हणून ट्रेडमार्क मिळत नाही, हे इथे कामी येते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी अशाच वादानंतर डेबियनने आपल्या पॅकेजातल्या फायरफॉक्सचे नाव 'आइसवीझल' केले आणि ते २०१६ पर्यंत चालले.

सुरक्षेच्या त्रुटीला मात्र 'आमचा नाही' म्हणून उघड्यावर परत पाठवू नये. ती फोर्कच्या मेंटेनरला खासगीत कळवावी.