बाळंतीण, बेडी आणि नियम क्रमांक 24

बाळाचं डोकं बाहेर आलंय, पण खांदा आईच्या जांघेवरच्या समोरच्या हाडामागे अडकलाय. डॉक्टर याला 'शोल्डर डिस्टोशिया' म्हणतात. अशा वेळी बाळाला ओढायचं नसतं. खाटेच्या दोन्ही बाजूंना दोघीजणी उभ्या राहतात आणि बाईच्या मांड्या दुमडून पार पोटापर्यंत वर नेतात. त्यामुळे ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा किंचित फिरतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच खांदा सुटतो. नाळ दाबली गेलेली असते, त्यामुळे हे सगळं चार-पाच मिनिटांत व्हावं लागतं. उशीर झाला तर बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. आता समजा, या बाईचा एक पाय साखळीने खाटेला जखडलेला आहे आणि कुलपाची चावी दाराबाहेर बसलेल्या पहारेकऱ्याच्या खिशात आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 21 डिसेंबर 2010 रोजी स्त्री-कैद्यांसाठी 70 नियम मंजूर केले. ते 'बँकॉक नियम' म्हणून ओळखले जातात. त्यातला 24वा नियम जेमतेम एका वाक्याचा आहे: कळा सुरू असताना, बाळंत होताना आणि त्यानंतर लगेच स्त्रीला कधीही बेड्या घालू नयेत. वाचताना वाटतं, कुणा दयाळू माणसाने लिहिलेलं दिसतंय. मला मात्र हे नियम वाचताना दयेपेक्षा शरीरशास्त्रच जास्त दिसतं. प्रसूतिकक्षात काम केलेल्या कुणालाही या वाक्याचं कारण विचारा, खांदा अडकण्यापासून सुरुवात करून ती पाच-सहा कारणं उभ्या उभ्या सांगेल.

रक्तस्रावाचंच घ्या. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलिलिटर रक्त जात असतं. वार सुटल्यावर गर्भाशय आकसलं नाही, तर बघता बघता बाई पांढरीफटक पडते. तिला लगेच सरळ करायचं, पोट चोळायचं, शस्त्रक्रियेला न्यायचं. झटके आले तर कुशीवर वळवायचं. शिवाय गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्तीच वाढलेली असते, पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका चार-पाच पटींनी जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तो आणखी चढतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे लवकर उठून हिंडणं-फिरणं. पायात साखळी असेल तर तेच होत नाही.

भीतीचाही हिशेब आहे. म्हैस विताना गोठ्यात परकं माणूस आलं की ती अडते, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. माणसातही यंत्रणा तीच. घाबरलं की ॲड्रेनॅलिन वाढतं, आणि ते गर्भाशयाच्या स्नायूंना सैल करतं. कळा मंदावतात, बाळंतपण लांबतं. दारात बंदूकधारी माणूस उभा करणं हा त्या अर्थाने वैद्यकीय हस्तक्षेपच झाला, फक्त उलट्या दिशेचा.

हे सगळं माहीत असूनही बेड्या घातल्या जात होत्या, आणि तेही श्रीमंत देशांत. जानेवारी 1996 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात हॉलोवे तुरुंगातली गरोदर बाई साखळीने जखडलेली टीव्हीवर दिसली. सरकारने आधी सुरक्षेचं कारण देऊन समर्थन केलं, मग ओरड झाल्यावर धोरण बदललं. अमेरिकेत केंद्रीय तुरुंगांपुरती बंदी कायद्याने आली ती डिसेंबर 2018 मध्ये. कळा देणारी बाई उठून पळून जाईल, हा तर्क ज्याने पहिल्यांदा मांडला त्याने बाळंतपण कधी जवळून पाहिलं नसावं.

मुळात तुरुंग बांधले गेले पुरुषासाठी. 1955 साली जिनिव्हात कैद्यांसाठी जे किमान नियम ठरले, त्यात गर्भवतीची सोय, शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात बाळंतपण, आणि स्त्री-कैद्यांवर स्त्री-पहारेकरी असे मोजके उल्लेख होते. बाकी सगळीकडे 'कैदी' म्हणजे न पाळी येणारा, न अंगावर पाजणारा माणूस. 2015 मध्ये हे नियम सुधारून त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं, आणि बाळंतपणातल्या बेडीबंदीला तिथेही जागा मिळाली. मधल्या काळात बँकॉक नियमांसाठी धावपळ केली ती थायलंडने. गंमत अशी की लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक बायका तुरुंगात असलेल्या देशांत खुद्द थायलंड वरच्या रांगेत आहे, आणि त्यातल्या बहुतेक अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत.

पाचवा नियम पाण्याचा आणि सॅनिटरी पॅडचा. पॅड मोफत द्यावेत एवढंच तो म्हणत नाही. पाणी नियमित हवं, आणि विशेषतः कुणाला, तेही सांगतो: स्वयंपाक करणाऱ्या, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी चालू असलेल्या बायकांना. हा बारकावा ज्याने घातला त्याला बराकीतला नळ कधी येतो आणि कधी जातो याची कल्पना असणार. पाळीत सर्वसाधारणपणे 30-40 मिलिलिटर रक्त जातं, त्याबरोबर लोहही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्याकडे तुरुंगाच्या दारातून आत येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच कमी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. पुरुषाच्या मापाने ठरवलेलं जेवण आणि नवऱ्याने पाठवलीच तर येणारी मनीऑर्डर यावर ते भरून येत नाही.

दुधाचं गणित तर आणखी काटेकोर आहे. स्तनातलं दूध जितकं निघतं तितकं नवं तयार होतं. साठून राहिलं की शरीर निर्मिती कमी करतं. तान्ह्या बाळाची आई तारखेला कोर्टात नेली, सकाळी गाडीत बसवली आणि संध्याकाळी परत आणली, बाळ मात्र बराकीतच राहिलं, तर दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते, ब्लाऊज भिजतो, ताप भरतो. असं वारंवार झालं की दूध आटतं. अंगावर पाजण्यापासून बाईला परावृत्त करू नये, असं 48वा नियम म्हणतो, आणि गर्भवती, तान्ह्या बाळाची आई किंवा पाजणारी स्त्री यांना एकांतकोठडीत टाकू नये, असं 22वा. दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत.

हे नियम पाळले नाहीत म्हणून कुठल्या देशाला शिक्षा होत नाही. त्यामुळे खरी कसोटी देशातल्या न्यायालयांत लागते, आणि इथे आपला इतिहास बँकॉकच्या आधीचा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या तुरुंगात 15 बायकांशी बोलून लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये निकाल दिला: स्त्री-संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यावर महिला शिपाई, आणि चौकशी महिला अधिकाऱ्यांसमोरच. 2006 च्या आर. डी. उपाध्याय खटल्यात त्याच न्यायालयाने कैदी मातांच्या मुलांचे नियम घालून दिले. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावं, जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येऊ नये, मुलं सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकतात, त्यांना पाळणाघर हवं. महिला शिपाई ठेवल्या की प्रश्न संपला, असंही समजू नये. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात एका महिला कैद्याचा मृत्यू झाला, तेव्हा मारहाणीचे आरोप झाले ते तिथल्या महिला कर्मचाऱ्यांवरच.

आपल्याकडे साखळीइतकीच अडचण गाडीची आहे. कळा सुरू झाल्या तरी पोलीस बंदोबस्त मिळाल्याशिवाय तुरुंगातून रुग्णालयात नेता येत नाही. रात्री दोन वाजता महिला शिपाई, ड्रायव्हर आणि कागद हे तिन्ही एकत्र जमायला किती वेळ लागतो, तेवढी वाट गर्भाशय बघत नाही. म्हणून बँकॉक नियमांतला मला सगळ्यात व्यवहारी वाटणारा भाग शेवटी येतो. 64वा नियम म्हणतो की गर्भवती आणि लहान मुलं पदरात असलेल्या स्त्रीला शक्य तिथे तुरुंगात पाठवूच नये. हिंसक किंवा गंभीर गुन्हा असेल तेव्हा विचार करावा, तोही मुलाचं हित पाहून.

ज्यांच्यासाठी हा नियम आहे त्या कोण, ते आकडे सांगतात. 2022 अखेर भारतातल्या तुरुंगांत 23,772 स्त्रिया होत्या, एकूण कैद्यांच्या सुमारे 4 टक्के. त्यातल्या 1,537 जणींसोबत 1,764 मुलं आत राहत होती, आणि या मातांपैकी 1,312 जणी कच्च्या कैदी होत्या. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर अमली पदार्थांच्या खटल्यातली अशीच एक गर्भवती आली. तुरुंगाच्या वातावरणातल्या बाळंतपणाचा परिणाम आईवरच नव्हे तर बाळावरही होईल, हे न्यायालयाने मान्य केलं आणि तिला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला.