सर्व्हर डाऊन (बँकव्यवहार)

बँकेच्या मध्यवर्ती संगणकप्रणालीत बिघाड होऊन शाखा, एटीएम, मोबाइल ॲप, यूपीआय यांपैकी काही किंवा सगळ्या सेवा एकाच वेळी थांबणे, याला बोलीभाषेत 'सर्व्हर डाऊन' म्हणतात. मुंबईतल्या काउंटरवर हेच 'लिंक नाही' किंवा 'सिस्टिम स्लो आहे' असे सांगितले जाते. दोन्ही वाक्ये तशी ढिली आहेत. लिंक म्हणजे शाखा आणि डेटा सेंटर (बँकेचे मध्यवर्ती संगणक ठेवलेली जागा) यांमधली जोडणी. ती तुटली तर एकच शाखा अडते, पुढच्या चौकातली चालू असते. मोठ्या बिघाडात जोडणी शाबूत असते; पलीकडून उत्तर येत नाही.

पूर्वी खाते शाखेच्या लेजरात असे. गिरगावातल्या खातेदाराला बोरिवलीच्या शाखेत पैसे मिळत नसत, पण गिरगावात घोळ झाला तर बोरिवलीला त्याचा पत्ताही नसे. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले. कर्मचारी संघटनांचा विरोध होता, म्हणून ते आले तेही बेताबेताने आणि बहुधा एकेका शाखेपुरते. पुढे कोअर बँकिंग आले आणि सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती नोंदसंचात गेली. कुठल्याही शाखेतून पैसे काढण्याची सोय यामुळेच झाली आणि सगळ्या शाखा एकदम बंद पडण्याची शक्यताही.

दादर स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर कोणी क्यूआर स्कॅन करतो, तेव्हा निरोप ग्राहकाच्या ॲपकडून त्या ॲपच्या बँकेकडे जातो. तिथून तो वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या (एनपीसीआय) यंत्रणेत, मग खात्यातून पैसे वजा करणाऱ्या बँकेकडे आणि शेवटी गाडीवाल्याच्या बँकेकडे पोचतो. त्यानंतर साउंडबॉक्स बोलतो. यातला कुठलाही टप्पा अडला तरी फोनवर तेच फिरणारे चक्र दिसते. गाडीवाला 'नेटवर्क नाही' म्हणतो आणि रोख मागतो.

मूळ चूक बहुधा क्षुल्लक असते. वीज जाते. साठवणयंत्रातली डिस्क भरते. दोन प्रणाली एकमेकींना ज्या डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखतात त्याची मुदत संपते आणि ते कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. पण सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे बदलाची. नवे सॉफ्टवेअर चढवताना, आणि त्याहून अधिक ते उतरवताना, घात होतो. ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाचे २०१२चे प्रकरण याचा नमुना आहे. दिवसभराच्या व्यवहारांची खात्यांत नोंद करणारी रात्रीची कामे, ज्यांना आपल्याकडे 'डे एंड' म्हणतात, ती ठरलेल्या क्रमाने लावणारे सॉफ्टवेअर जूनमध्ये अद्ययावत केले गेले. अडचण दिसली म्हणून नवी आवृत्ती काढून घेतली, तर जुनी तिच्याशी जुळेना. कामांचा क्रम कोलमडला आणि एका रात्रीची शिल्लक कामे दुसऱ्या रात्रीवर चढत गेली. सुमारे ६५ लाख ग्राहकांना झळ बसली. समूहातल्या अल्स्टर बँकेचे व्यवहार जुलैपर्यंत रुळावर आले नाहीत. २०१४ मध्ये नियामकांनी ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. मूळ दोषापेक्षा त्यावरचा उपाय महाग पडला.

तीच गोष्ट पर्यायी केंद्राची, म्हणजे मुख्य डेटा सेंटर बंद पडले तर काम उचलणाऱ्या दुसऱ्या डेटा सेंटरची. ऐरोली, महापे, रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी आहे. पूर किंवा भूकंपाचा फटका दोन्हीकडे एकदम बसू नये म्हणून मुंबईच्या बँका हे दुसरे केंद्र, बोलीत 'डीआर' (डिझास्टर रिकव्हरी), दूरच्या शहरात ठेवतात. अंतर वाढले की नोंदींची प्रत तिथे पोचायला थोडा उशीर होतो. मुख्य केंद्र अचानक बंद पडले तर शेवटच्या काही क्षणांतले व्यवहार डीआरकडे नसण्याची शक्यता राहते. मग पेच पडतो: आत्ता डीआरवर जाऊन त्या व्यवहारांचा हिशेब नंतर लावायचा, की 'अर्ध्या तासात चालू होईल' म्हणणाऱ्या तंत्रज्ञावर भरवसा ठेवायचा? ते अर्धे तास एकामागून एक सरत जातात. बंद काळातला बराचसा वेळ या निर्णयातच जातो, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेची इंटरनेट बँकिंग आणि देयक यंत्रणा २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्य डेटा सेंटरची वीज गेल्याने बंद पडली. त्याआधीच्या दोन वर्षांतही बँकेच्या सेवा खंडित झाल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये नव्या डिजिटल सेवा आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये, उरलेली मार्च २०२२ मध्ये उठली. २४ एप्रिल २०२४ला कोटक महिंद्रा बँकेवरही तशीच बंधने आली. ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत होती. हातात असलेले ग्राहक सांभाळा, मग नवे घ्या, असा त्याचा रोकडा अर्थ.

बिघाड पसरवण्यात प्रश्न विचारणाऱ्यांचाही हात असतो. उत्तर आले नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो; प्रणालीही तेच करते. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय मंदावले, ते काही बँकांनी 'त्या व्यवहाराचे काय झाले?' अशी विचारणा अतोनात वाढवल्यामुळे, असे एनपीसीआयच्या तपासणीत आढळले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते, तो नियम हा भार आवरण्यासाठीच आहे.

अधांतरी अडकलेले पैसे हा वेगळाच अध्याय. खात्यातून वजा झाले, पण समोर पोचले नाहीत, अशा नोंदी नंतर दोन्ही बँकांच्या याद्या ताडून सोडवल्या जातात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार एटीएमचे न मिळालेले पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत, तर दुसऱ्याच्या खात्यात न पोचलेले यूपीआयचे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. पुढे रोज १०० रुपये भरपाई. ती मागावी लागू नये, असेही त्यात आहे. उलटेही घडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, कोलकात्याच्या यूको बँकेत आयएमपीएस या झटपट पैसे पाठवण्याच्या सेवेतल्या गोंधळामुळे सुमारे ४१ हजार खात्यांत ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. लक्ष्मीपूजनाला असा प्रसाद कोण परत करणार? बँकेने खाती गोठवून बराचसा भाग वसूल केला.

लहान सहकारी बँका स्वतःचे डेटा सेंटर बाळगत नाहीत, एकाच पुरवठादाराकडे अनेक जणी असतात. ३१ जुलै २०२४ला सी-एज या पुरवठादारावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयने त्याला देयक जाळ्यातून बाजूला काढले आणि सुमारे ३०० बँकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. हा बिघाड नव्हे, हल्ला होता. शाखेतल्या खातेदाराला मात्र तोच शब्द ऐकू आला: लिंक नाही.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींसाठी डीआरची रंगीत तालीम निदान सहा महिन्यांनी एकदा करावी लागते. शनिवारी रात्री 'काही तास सेवा बंद राहतील' असा मेसेज येतो, त्यामागे कधी कधी हीच तालीम असते.