आरसीए की एक्सएलआर: घरातील ध्वनियंत्रणेच्या जोडण्या

अनेक अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे आरसीए (मधोमध एकच पिन असलेला गोल प्लग) आणि एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग) अशा दोन्ही जोडण्यांची सोय असते. आरसीए जोडणी असंतुलित असते. तिच्यात मधली तार संकेत, म्हणजे आवाजाचे विद्युत रूप, वाहून नेते, तर भोवतालच्या धातूच्या जाळीला संकेताची परतीची वाट होणे आणि बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणे अशी दोन कामे करावी लागतात. स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीचे मूळ बहुधा याच दुहेरी कामात असते.

दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये किंचितही विभवांतर असले, की ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग आणि केबलची जाळी मिळून बनणारे बंद वर्तुळ, तयार होऊन जाळीतून वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा, प्रवाह वाहू लागतो. जाळीचा आणि सांध्यांचा मिळून रोध ०.०५ ओहम व प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तर अर्धा मिलिव्होल्ट थेट संगीतात मिसळतो. २ व्होल्टच्या संकेतापेक्षा तो ७२ डेसिबेलने क्षीण असला, तरी दोन सुरांमधल्या शांततेत जाणवू शकतो.

एक्सएलआरमध्ये संकेतासाठी पिळलेल्या दोन तारा असतात आणि जाळी वेगळी राहते. घेणारे उपकरण या दोन तारांवरील व्होल्टेजमधला फरक तेवढा उचलते. दोहोंवर सारखाच आलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो. दोन्ही तारांवर एकमेकींच्या उलट संकेत असणे हेच याचे मर्म, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. खरी अट अशी, की दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, सारखा असावा. ती पाळली, तर एका तारेवर संकेत मुळीच नसला तरी गोंगाट कटतोच.

एक्सएलआर लावताच आवाज ‘खुलला’ असे सांगणाऱ्यांनी आधी पातळी तपासावी. अनेक उपकरणांत आरसीएवर २ आणि एक्सएलआरवर ४ व्होल्ट मिळतात, म्हणजे ६ डेसिबेलचा फरक पडतो, आणि मोठा आवाज कानाला सहसा सरस वाटतो. केबल एक-दोन मीटरचीच असेल आणि गुणगुण नसेल, तर माझ्या मते बदलाची गरज नाही. शिवाय एक्सएलआरचे सॉकेट असले म्हणजे आतली रचना नीट असेलच असे नाही: जाळी जिला जोडतात ती पहिली पिन धातूच्या पेटीऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असेल, तर जाळीतला गोंगाट तिथूनच आत शिरतो.

गुणगुण असेल आणि एक्सएलआरची सोय नसेल, तर आरसीएच्या वाटेत दोन्ही बाजूंत थेट विद्युत जोड न ठेवता संकेत पुढे पोहोचवणारा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंग मात्र कधीही तोडू नये; उपकरणात बिघाड झाल्यास धातूच्या पेटीत वीज उतरून जीव जाऊ शकतो.