भांडं फ्रीजरमध्ये किती वेळ ठेवायचं?

उन्हाळा लागला की आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. शिकंजीचे ग्लास, क्रीम फेटायचं भगोनं, सगळं आधी गार करून हवं असतं. "तांब्याचं घेतलं तर लवकर गार होईल ना?" नाही होणार. तांबं आम्हीही विकतो, पण एवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

तांब्यातून उष्णता स्टीलपेक्षा 25 पट सहज वाहते, हे खरं. पण फ्रीजरमध्ये भांड्यातली उष्णता शेवटी उचलायची असते आतल्या हवेनं, आणि उणे 18 अंशांची हवाही ते काम सावकाशच करते. धातू कोणताही असो, गाडी तिथेच अडते. फरक पडतो तो जाडीनं. पातळ पत्र्याचा स्टीलचा ग्लास 10-12 मिनिटांत तयार होतो. जाड बुडाच्या तीन थरांच्या भगोन्याला अर्धा-पाऊण तास द्या. ग्लास एकात एक रचू नका, मधल्यांना हवाच लागत नाही. दुहेरी भिंतीचा ग्लास ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही, तो उष्णता अडवायलाच बनवलेला आहे.

रिकामं भांडं लवकर गार होतं, तशी त्याची थंडी लवकर उतरतेही. 300 ग्रॅम स्टीलमध्ये मावणारी थंडी म्हणजे जेमतेम पाव वाटी पाण्याची. त्यामुळे 200 ग्रॅम क्रीम इंदूरच्या मे महिन्यात ओट्यावर राहून 30 अंशांवर गेलं असेल, तर बर्फासारखं भगोनंही त्याला 20 च्या खाली आणणार नाही. मग कितीही फेटा, क्रीम उभं राहत नाही आणि दोष आमच्या भांड्याला! क्रीम रात्रभर फ्रीजमध्ये असू द्या, भगोनं अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये टाका.

जुन्या, बर्फ साचणाऱ्या फ्रीजरचा पत्रा स्वतःच थंड असतो. त्यावर भांडं टेकवलं की बूड झटकन गारठतं. फक्त बूड कोरडं हवं. ओला ग्लास पत्र्याला असा चिकटतो की हलवता हलत नाही. तेव्हा सुरी घालून उचकटायला जाऊ नका, पत्र्यातली नळी फुटली की गॅस गेलाच समजा. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ग्लासाभोवती दाबून धरा, मिनिटभरात सुटतो.