हायड्रेंजिया : मराठवाड्यातील घरगुती लागवड

हायड्रेंजिएसी कुलातील झुडूपवजा फुलझाड. घरच्या बागेत सहसा दिसते ती हायड्रेंजिया मॅक्रोफायला ही जाती मूळची जपानची. तळहाताएवढी दातेरी पाने आणि निळ्या, गुलाबी, जांभळट किंवा पांढऱ्या फुलांचे भरगच्च गोल गेंद ही तिची ओळख. गेंदात जे पाकळ्यांसारखे दिसते ती खरे तर संदले, म्हणजे फुलाबाहेरची आवरणदले, असतात. खरे फूल त्यांच्या मधोमध मोहरीएवढे असते. संदले लवकर गळत नाहीत, म्हणून एकच गेंद झाडावर कित्येक आठवडे टिकतो.

उटी, दार्जिलिंग, शिलाँग येथील थंड, दमट हवेत आणि आम्लधर्मी मातीत हे झाड फारशी निगा न घेताही फुलते. मराठवाड्यात यातले जवळजवळ काहीच नाही. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर, हवा कोरडी, जमीन बेसाल्टपासून बनलेली काळी आणि चुनखडीयुक्त. तरीही परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे ते जगवता येते, कारण हिवाळ्यातील रात्री पुरेशा गार असतात. फुलांच्या कळ्या धरायला सुमारे दीड ते दोन महिने रात्रीचे तापमान १८ अंशांखाली लागते आणि नोव्हेंबर ते जानेवारीत ते येथे मिळते. ऊन जाळीने अडवता येते. खरी अडचण पाण्याची आहे, आणि ती केवळ टंचाईची नाही.

फुलांचा रंग मातीच्या सामूवर (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) ठरतो. निळ्या आणि गुलाबी दोन्ही फुलांत रंगद्रव्य एकच असते. त्याला ॲल्युमिनियम मिळाले की निळा रंग येतो, न मिळाले तर गुलाबी राहतो. सामू ५.५ च्या खाली असेल तर निळा, ६.५ च्या वर गुलाबी, मधल्या पट्ट्यात जांभळट. पांढऱ्या वाणांना हे लागू नाही. काळ्या मातीत ॲल्युमिनियम भरपूर असते, पण तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असल्याने ते मुळांना घेता येत नाही. निळे म्हणून आणलेले रोप पुढच्या बहरात गुलाबी निघाले तर रोपवाटिकेला दोष देण्यात अर्थ नाही.

ही माती बदलता येते, बोअरचे पाणी बदलता येत नाही. त्यातील बायकार्बोनेट कुंडीतल्या मातीचा सामू पुन्हा वर चढवतात. कुंडीच्या काठावर पांढरा खरपुडा धरू लागला की हे चालू आहे असे समजावे. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. अशा वेळी लोक हिराकस (फेरस सल्फेट) टाकतात, पण चुनखडीच्या मातीत त्यातील लोह लवकर अडकून बसते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असे बांधलेले लोह, अधिक उपयोगी पडते. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे. हायड्रेंजियाला ते घालू नये, कारण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. कूलरच्या टाकीतल्या उरलेल्या पाण्याचेही तेच. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र चालते. सर्वांत उत्तम पावसाचे पाणी : गच्चीवर झाकणाच्या टाक्या असतील तर सप्टेंबरमध्ये भरून ठेवावे आणि ते कळ्यांच्या काळासाठी राखावे.

निळ्या रंगासाठी तुरटी वापरतात, कारण तिच्यात ॲल्युमिनियम असते. चार लिटर मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यात एक चहाचा चमचा पूड विरघळवून, माती ओली असताना, पंधरवड्यातून एकदा द्यावी. कळ्या रंगू लागल्यावर सुरुवात केली तर उशीर होतो. शेतासाठी आणलेल्या पोत्यातली मूठभर डीएपी खताची कुंडीत पडली तर तिच्यातील स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला बांधून ठेवते आणि तुरटी वाया जाते. ज्याच्याकडे बोअरशिवाय दुसरे पाणीच नाही, त्याने निळ्याचा नाद सोडून गुलाबी किंवा पांढरे वाण लावावे हे बरे.

हे झाड येथे जमिनीत लावू नये. १४ ते १६ इंची कुंडीत लाल माती, कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडे भाताचे तूस असे भुसभुशीत मिश्रण भरावे. जागा पूर्वेची, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ऊन येणारी. जुन्या वाड्यांचा चौक यासाठी नामी. पत्र्याच्या शेडजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकून ते होरपळते. मार्च ते जून हिरव्या जाळीची सावली द्यावी आणि कुंडीत उसाच्या पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन घालावे.

उन्हाळ्यात दुपारी पाने मान टाकतात. लगेच पाणी ओतू नये. आधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल असेल तर संध्याकाळी पाने आपोआप सावरतात. ओल्या मातीत पुन्हा पाणी दिल्याने मुळे कुजतात आणि अशी झाडे उन्हाने मेली असे समजले जाते.

छाटणीत हमखास गफलत होते. दसऱ्यानंतर गुलाब छाटताना त्याच हाताने हायड्रेंजियाही छाटला जातो. मॅक्रोफायलाच्या कळ्या मागच्या हंगामातल्या फांदीच्या शेंड्यावर धरतात. त्यामुळे ऑक्टोबरची कात्री पुढचा बहर घेऊन जाते. सुकलेले गेंद बहर सरताच काढावेत, बाकी छाटणी मृगाच्या पावसापर्यंत उरकावी आणि पोळ्यानंतर झाडाला कात्री लावू नये.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आणि पावसाळ्यात पानांवरील ठिपके व भुरी हे नेहमीचे त्रास आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये न फुललेल्या शेंड्यांची चार-पाच इंची कलमे, मोठी पाने अर्धी कापून, ओलसर कोकोपीटमध्ये खोचली तर तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. पानांत व कळ्यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात, तेव्हा छाटलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नये आणि कुंडी लहान मुले व कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी.