आठ वर्षांच्या पोराला बॉल मिळतोच कुठे?

परवा सोसायटीमागच्या ग्राउंडवर बारक्या पोरांची फुटबॉल मॅच बघत उभा होतो. एक पोरगा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, मागून कुणीतरी बॉल लांब हाणायचा आणि हा पळत जाऊन गोल मारायचा, बाहेरून सगळे आईबाप 'लांब मार रे, लांब मार!' आणि कोचपण खुश, कारण ५-० ने जिंकलो ना. कडेला एक किडकिडीत पोरगं मात्र बुटाची लेस सोडत नि परत बांधत होतं, बॉल त्याच्याकडे आलाच नाही.

बेल्जियमवाल्यांनी हे चक्क मोजलंय. २००० ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, घरी असून ते ग्रुपमधूनच बाहेर पडले, मग तिथल्या फुटबॉल फेडरेशनचे टेक्निकल डायरेक्टर मिशेल साब्लॉन यांच्या काळात युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पोरांच्या तब्बल १५०० मॅचचं शूटिंग करून बघितलं. निघालं काय, तर आठ-नऊ वर्षांची पोरं अर्ध्या तासात बॉलला जेमतेम दोनदा हात लावतात (पाय हो!). आता दोन टचमध्ये कोण काय शिकणार? बॉल अडवायचा कसा, मान वर करून बघायचं कधी, हे मेंदूत बसायला तीच गोष्ट शेकडो वेळा करावी लागते, आणि चुकत चुकतच करावी लागते.

त्यात वयाची गंमत वेगळीच. वयोगटाची कटऑफ तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीतला आणि डिसेंबरमधला पोरगा एकाच टीममध्ये, पण आठव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा आठवा भागच झाला की. पुढे तेरा-चौदाला तर एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो. जिंकायचंच असेल तर कोच उंच पोरालाच घेणार, त्याला तरी काय बोलणार, पण मग बाकीचे उंच झाले की ह्या हिरोकडे पळण्याशिवाय काहीच उरत नाही.

बेल्जियमने अंडर-७, अंडर-८ चे पॉइंट टेबलच काढून टाकले, अगदी छोट्यांना दोघांविरुद्ध दोघं, मग पाच-पाच, मग आठ-आठ. क्लबवाले आधी कुरकुरलेच. नोव्हेंबर २०१५ मध्ये फिफा रँकिंगमध्ये पहिला नंबर, २०१८ च्या वर्ल्ड कपला तिसरे. सगळं श्रेय ह्यालाच देणं मला जरा जास्त वाटतं, पण काहीतरी आहे नक्की.

काल गच्चीवर चपलांचे गोल मांडून चार पोरांना दोन-दोन करून सोडलं आणि त्या लेसवाल्याचे टच मोजायला बसलो, चाळीसच्या पुढे नाद सोडला, कारण बॉल खाली पार्किंगमध्ये गेला होता.